चौदावी फेरी

पंधरावी फेरी सुरू झाली तरी बोर्ड थांबायचं नाव घेईना.

"मर की एकदाचा," मी त्याला म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो. सकाळी अकरा वाजता तळ्याकाठी माझं ऐकायला बदकांशिवाय कुणी नसतं, आणि अकरा वर्षांत बदकांना माझ्या शिव्यांची सवय झालेली आहे.

काम काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. विजेवर चालणारे स्केटबोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात मी बोर्ड संपवतो. चाकांच्या फळीवर उभं राहायचं, हातातल्या रिमोटनं वेग ताशी अठरावर धरायचा आणि बॅटरी ठार संपेपर्यंत तळ्याभोवती फिरत राहायचं. एक फेरी दीड किलोमीटरची. बोर्ड जिथं मेला तिथं उतरायचं, अंतर वहीत टिपायचं, बोर्ड काखेत मारायचा आणि चालत परत यायचं. मी आणतो तोच आकडा खोक्यावर छापतात. एका चार्जमध्ये एकवीस किलोमीटर. एकवीस म्हणजे चौदा फेऱ्या, आणि चौदावी फेरी संपते ती फाटकापाशी. तिथं एक बाक आहे. अकरा वर्षं आमचे बोर्ड त्या बाकाच्या आसपासच मरत आले. मॉडेल बदलली, रंग बदलले, पण मरायची जागा काही बदलली नाही.

आणि हा नवा बोर्ड बघा. बाकावरून गेला, पंधरावी पुरी करून परत बाकावरून गेला, आणि सोळाव्या फेरीत तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पंपघराशी येऊन मग कुठं त्यानं मान टाकली. म्हणजे सव्वातेवीस किलोमीटर. लागोपाठ तिसऱ्यांदा. सत्तावन्नाव्या वर्षी तास-सव्वातास एका पायावर भार देऊन उभं राहून बघा, मग पुढची दहा मिनिटं म्हणजे काय ते गुडघे सांगतील. मी उतरलो आणि उरलेली अर्धी फेरी पायी तुडवत निघालो.

ऑफिसात नवी इंजिनियर मुलगी दारातच उभी होती. सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली. नव्या बॅटरीची मांडणी तिची. बॅटरी पास झाली तर कायम, नाहीतर राम राम.

"काका, कुठं?"

"पंपघराशी. परत."

ती जागच्या जागी उडी मारून टाळ्या पिटायला लागली. आतून साहेब आले, त्यांच्या मागून केक आला. केक आधीच आणून ठेवला होता म्हणजे बघा.

"सत्तर, तुम्ही कमाल केलीत!" साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "नव्या वसाहतीतून शहरात यायला अकरा किलोमीटर. जायला अकरा, यायला अकरा. या किमतीत जाऊन-येऊन पुरणारा बोर्ड बाजारात एकाकडे नाही. सोमवारी खोकी छापायला टाकतो. तेवीस!"

सत्तर म्हणजे मी. माझं नाव कारखान्यात कुणाला आठवत असेल तर ते पगाराच्या यंत्राला. त्याचं असं झालं, की आताच्या साहेबांचे वडील, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो, ते जुन्या वळणाचे. यंत्र सांगेल तो आकडा छापायचा नाही म्हणाले. साधा माणूस, बेताच्या वजनाचा, सत्तर किलोचा, त्याला उभा करा. तो जिथं पायउतार होईल तो आपला आकडा. मग सगळ्या कामगारांना ओळीनं पार्सलच्या काट्यावर चढवलं. मी तेव्हा पॅकिंगला होतो. काटा बरोबर सत्तरवर थांबला, ना इकडे ना तिकडे. शेहेचाळिसाव्या वर्षी मी स्केटबोर्ड शिकलो. पहिला महिनाभर रोज काहीतरी सोलवटून घरी जायचो आणि ही हळद लावता लावता हसायची.

ही म्हणजे माझी बायको. खरं तर अकरा वर्षं मला सत्तरवर ठेवलं ते तिनं. नोकरीची अटच होती, दर सोमवारी वजन. म्हणून दर रविवारी सकाळी ती मला घरातल्या काट्यावर उभं करायची, चष्मा लावून खाली वाकायची आणि निकाल द्यायची. "एकोणसत्तर आठशे. अहो, आज दोन अंडी जास्त खा." नाहीतर, "सत्तर चारशे! काल कुठं काय खाल्लंत? गुरुवारपर्यंत गोड बंद." वाढताना तिच्या हाताला माप होतं. मी कुरकुरायचो, बैलाला पेंड घालतेस की काय म्हणून. ती म्हणायची, "बैल बरा, तो कुरकुरत नाही."

दुपारी डबा घेऊन ती त्या फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसायची. घड्याळ न बघता. चौदावी फेरी संपायची आणि मी तिच्या पुढ्यातच येऊन थांबायचो.

तिला जाऊन आठ महिने झाले. तीन आठवड्यांचं आजारपण. बाक आहे तिथंच आहे.

केकचा तुकडा मी कागदात गुंडाळून घेतला. "घरी खातो," म्हणालो. बदकांनी खाल्ला.

पण त्या दिवशी घरी गेल्यावर मला काही सुचेना. आकडा डोक्याला पटत होता, पायांना पटत नव्हता. तुम्ही हसाल, पण बोर्डाचं मरण आधी तळव्यांना कळतं. नवी बॅटरी खरोखर चांगली असली की चढावर बोर्ड रेटा देतो, तळव्याखाली ताठ राहतो. हा तसा नव्हता. त्याची चाल जुनीच होती. चढावर कुथत होता, शेवटी मऊ पडत होता, सगळं ओळखीचं. फक्त उशिरा मरत होता.

शुक्रवारी मी स्टोअरमधून गेल्या सालचा बोर्ड काढला. निळ्या पट्टीचा. याला मी साठेक वेळा तरी मारला असेन, आणि एकदाही तो बाकाच्या पुढं गेला नव्हता. हे गेल्या सालचं; त्यानंतर नवी बॅटरी येईपर्यंत मला संपवायला बोर्डच नव्हता. कुणाला काही बोललो नाही, पूर्ण चार्ज केला आणि निघालो.

दहा, अकरा, बारा. तेरावी. चौदाव्या फेरीला बाक दिसलं तेव्हा मी सवयीनं गुडघे सैल सोडले. बोर्ड बाकावरून सरळ पुढं गेला.

जुनं फळकूट, वर्षभर वापरलेली बॅटरी, आणि म्हातारपणी जवान झालं होय? पंधरावी फेरी पुरी केली त्यानं. पंपघर वीसेक पावलांवर आलं तेव्हा थांबला. नवा बोर्ड जिथं मेला होता त्याच्या जेमतेम वीस पावलं अलीकडे.

मी पंपघराच्या पायरीवर बसलो. पँट वर ओढली, रोज ओढतो तशी. हात पट्ट्यावरच राहिला. पट्ट्याला मी तापल्या खिळ्यानं भोकं पाडली होती. पहिलं तिसऱ्या महिन्यात. मग दुसरं. तिसरं गेल्याच आठवड्यात. मीच पाडली होती, माझ्याच हातानं, स्वयंपाकघरात गॅसवर खिळा धरून. आणि तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता. दोन्ही बोर्ड बदलले नव्हते. बदललं होतं ते वरचं ओझं.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगला कुणी नसतं. मी पार्सलच्या काट्यावर उभा राहिलो. साठ किलो सहाशे, तेही बुटांसकट.

नोंदवालीकडं चक्कर टाकली. आमची नोंदवाली बाई म्हणजे माणूस सोन्यासारखं, निवृत्तीला आलेलं. पहिली दोन वर्षं ती दर सोमवारी मला काट्यावर उभं करायची. मग एकदा म्हणाली, "तुम्ही काय भाऊ, सत्तरच," आणि मी उभा राहायच्या आतच लिहून मोकळी झाली. तेव्हापासून तसंच. वही उघडी पडली होती. वजन: सत्तर. सत्तर. सत्तर. एका सरळ रेषेत, सुवाच्य अक्षरात, गेल्या सोमवारपर्यंत. तिला काय बोलणार? मी तरी कुठं बघितलं होतं? ज्याच्यावरून माप ठरतं त्याला कोण मोजतो?

शनिवारी मी ठरवलं, गप्प बसायचं. का म्हणून बोलायचं? पोरीची नोकरी कायम होतेय. साहेब खूश आहेत. आणि सत्तरचा नसलेला सत्तर ठेवून घेईल कोण? या वयात पॅकिंगची खोकी माझ्यानं उचलवत नाहीत. घरी बसलो तर त्या घरात दिवसभर करायचं काय? शंभर वेळा हेच घोळवलं. मग वाटलं, चोरी लपवायची तर निदान वजन तरी परत मिळवू. चार अंडी उकडली, अर्धा पाव घेतला, वर बटाटे. तिच्यासारखं वाढून घेतलं, ताट भरून. निम्म्यावर आलो नि मोरीकडं धावलो. नऊ किलो दोन दिवसांत कोण खातं?

तोंड धुऊन वर बघितलं तर समोर ते पत्र. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं आलेलं, कुठल्याशा दवाखान्यात काम करणाऱ्या बाईंचं. ऑफिसनं मला दिलं आणि हिनं ते स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. 'तुमच्या खोक्यावरचा आकडा खरा निघाला. मी रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर करते. आजवर एकदाही चालत घरी यावं लागलं नाही.' मी तेव्हा हिला म्हणालो होतो, "रोजच्या रस्त्यावर बोर्ड वीस नाही जात कधी. चढ असतो, थंडी असते, सिग्नलला थांबायचं, परत निघायचं. खोक्यावरच्या आकड्यातला चौथा हिस्सा सोडूनच द्यावा माणसानं."

"मग हिला कसं पुरतं?"

"हलकी असणार बाई."

"हलकी असेल बिचारी," ही म्हणाली होती. "खात नसेल धड."

खुर्चीवर बसलो आणि रडलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा असा, आवाज काढून. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो.

मग उठलो. पलंगाखालून काटा ओढला. त्यावर धुळीचा थर होता, तो पुसला. प्रवासाची बॅग घेतली आणि त्यात स्वयंपाकघरातलं जे वजनदार हाताला लागलं ते भरत गेलो. तिचा लोखंडी खलबत्ता. लोखंडी तवा. तिनं भरून ठेवलेली तांदळाची बरणी, तिला मी हातसुद्धा लावला नव्हता. बॅग पाठीला लावून काट्यावर चढलो, चष्मा लावून स्वतःच वाकलो. वाकलं की काटा हलतो, आकडा दिसत नाही. म्हणूनच ती वाकायची. शेवटी भिंतीवरचा आरसा उतरवून जमिनीवर टेकवला आणि त्यात उलटे आकडे वाचले. एकोणसत्तर पाचशे. मग तिची लहान इस्त्री बॅगेत घातली. सत्तर शंभर. चालेल.

सोमवारी आठाच्या ठोक्याला मी पोरीच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"तुझी बॅटरी तेवीस जात नाही," मी म्हणालो. "मी हलका झालोय."

तिला आधी थट्टा वाटली. मग मी निळ्या पट्टीच्या बोर्डाचं सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला. हुशार पोर ती, पुढचं सगळं तिला माझ्याआधी कळलं.

"काका, हे आत्ता सांगताय? आज खोकी जातायत! तीन वेळा, तीन वेळा तुम्ही... माझं काय होईल माहितीय?"

"माहितीय."

"आणि तुमचं?"

"तेही माहितीय."

तिनं माझा हात धरला आणि मला ओढतच पार्सलच्या काट्यापाशी नेलं. नोंदवाली बाई मागोमाग वही घेऊन आली. मी बॅग खाली ठेवून उभा राहिलो. कितीतरी वर्षांनी तो काटा माझ्यासाठी कुणी वाचत होतं.

"साठ चारशे," पोरगी म्हणाली.

नोंदवालीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! भाऊ, मी तर दर सोमवारी..."

"असू दे, बाई. मलाही दिसलं नाही."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. बॅटरी, नोकरी सगळं बाजूला ठेवून बघत राहिली, आणि मला नको तोच प्रश्न तिनं विचारला.

"काका, तुम्ही जेवता की नाही?"

आठ महिने मी त्या प्रश्नाला वळसा घालून चाललो होतो. मी काट्यावरून उतरलो आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी बांधलेलीच होती.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी लाल झाले, मग गोड झाले. "हे बघा सत्तर, जगात काय सगळी माणसं सत्तर किलोची असतात? साठवालेपण असतातच ना? खाली बारीक अक्षरात टाकू, 'हलक्या वजनासाठी.' खोटं काय त्यात?"

माझं डोकं सटकलं. साहेबांपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता.

"मग तेही छापा, साहेब. बायको गेलेल्या माणसाला तेवीस. जिचं माणूस घरी वाट बघतंय तिला एकवीसच. ती दोन किलोमीटर चालत येईल अंधारात, तुमचं खोकं वाचून."

साहेब टेबलावरचं पेन इकडून तिकडं करत राहिले. शेवटी म्हणाले, "आज परत चालवा. सत्तर भरून. आणि बाई, उद्या सगळ्यांना काट्यावर उभं करा." दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला नीट कळला. पॅकिंगमध्ये एक धडधाकट बाई आहे, ती सत्तरच्या आसपास भरेल. पडता पडता शिकेल. मी शिकलो तशी.

पोरीनं प्रयोगशाळेतून शिशाची वजनं आणली होती. मी म्हणालो, नको, माझं मी आणलंय. तिनं बॅगेची चेन उघडून आत बघितलं, तवा बघितला, इस्त्री बघितली, आणि चेन परत लावली.

मी निघालो. पाठीवर ओझं आल्याबरोबर फळी पायाखाली थोडी दबली आणि तळव्यांना बरं वाटलं. अशीच दबायची ती. वळणावर खलबत्ता आत सरकून पाठीच्या कण्याला टोचायचा. पाचव्या फेरीला खांदे भरून आले, नवव्या फेरीला गुडघा बोलायला लागला. थांबावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आज मला बोर्डाला मर म्हणावं लागलं नाही. तेराव्या फेरीच्या चढावर तो कुथला, चौदाव्या फेरीत मऊ पडला. बाक दिसलं. बाकापाशी पोरगी हातात वही घेऊन उभी होती, ओठ घट्ट मिटून.

बोर्ड बाकावरून हळूहळू पुढं गेला, माणूस उंबरठ्यावर घुटमळावा तसा, आणि थांबला.

ती पावलं मोजत आली. "अठरा, एकोणीस, वीस." आवाज रडवेला होता. "वीस पावलं, काका. नुसती वीस पावलं."

"वीस तर वीस. तुझी आहेत ती, खरी आहेत. जुन्याला जमली नव्हती. लिही."

तिनं लिहिलं. तिला ठेवतील की नाही, मला ठाऊक नाही. वीस पावलांवर कुणी कायम होतं का, तेही ठाऊक नाही. मी बोर्ड काखेत मारला आणि वीस पावलं मागं बाकापाशी आलो. बॅग उतरवून बाकावर डाव्या हाताला ठेवली. उजव्या हाताला मी बसायचो, डावी बाजू तिची. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते.

पोरगी समोर गवतात बसली. तिनं आपल्या पिशवीतून डबा काढला. पाव, उकडलेलं अंडं, काकडी. मधोमध दोन वाटे केले आणि एक माझ्या मांडीवर ठेवला.

"मी आता सत्तरचा होत नाही गं," मी म्हणालो.

"वजनासाठी नाही देत आहे, काका. खा."

बदकं काठाशी येऊन उभी राहिली. मी त्यांना काही टाकलं नाही. बॅगेला टेकून, सावकाश, माझा वाटा मी सगळा खाल्ला.